ग्रेव्हटायच्या वाड्याची बाग

वाचकहो, पुष्कळ गावांत एखादा जुना वाडा असतो. वाड्यामागे कधी काळी मोठी बाग होती, असे म्हातारी माणसे सांगतात. इथे मोगऱ्याचे ताटवे होते, तिथे डाळिंबे होती, त्या कोपऱ्यात मोट चालायची. आपण जाऊन पाहतो, तो काय? घाणेरीचे रान माजलेले. पाट बुजलेला. विहिरीत पिंपळ उगवलेला.

अशी मोडलेली बाग पुन्हा उभी राहते का? राहत असेल तर तिला पैसा कोण देतो? आणि पुन्हा उभी करायची म्हणजे नेमकी कोणत्या सालची बाग उभी करायची? हे तीन प्रश्न मनात धरून आम्ही आज एका खऱ्या बागेची हकीगत सांगणार आहोत. बाग इंग्लंडातली आहे. तिथली थंडी वेगळी, माती वेगळी. पण तण सगळीकडे तणच असते, आणि माळ्याची कंबरही सगळीकडे सारखीच दुखते.

लंडन शहराच्या दक्षिणेला ससेक्स नावाचा मुलूख आहे. तिथे ईस्ट ग्रिनस्टेड या गावाजवळ, दाट झाडीत, एक दगडी वाडा आहे. त्याचे नाव ग्रेव्हटाय मॅनर. मॅनर म्हणजे जहागिरीचा वाडा. रिचर्ड इन्फिल्ड नावाच्या लोखंडाच्या भट्टीवाल्याने तो १५९८ साली बांधला. म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला अजून ३२ वर्षे होती. आज या वाड्यात पाहुण्यांसाठी हॉटेल आहे. लोक शहरातून येतात, दोन दिवस राहतात, जेवतात, बाग पाहतात आणि जातात.

पण वाड्याचे नाव जगात झाले ते भट्टीवाल्यामुळे नाही की हॉटेलामुळे नाही. ते झाले एका माळ्यामुळे.

विल्यम रॉबिन्सन याचा जन्म १८३८ साली आयर्लंडात झाला. पोरवयातच तो एका बड्या सरदाराच्या बागेत कामाला लागला. काम काय? नदीवरून पाणी वाहून आणायचे आणि काचघरातल्या रोपांना घालायचे. काचघर म्हणजे काचेच्या भिंती आणि काचेचे छप्पर असलेले घर. थंड मुलखात नाजूक झाडे त्यात ठेवतात. हिवाळ्यात आत भट्टी पेटवून ऊब देतात.

१८६१ साली रॉबिन्सन लंडनला आला. रीजंट्स पार्क इथल्या वनस्पतिबागेत त्याला नोकरी मिळाली. त्याच्याकडे काम आले ते इंग्लंडातल्या रानफुलांच्या विभागाचे. ही फुले गोळा करायला तो रानोमाळ हिंडू लागला. तिथे त्याचे डोळे उघडले. ज्या फुलांना कुणी पाणी घालत नाही, कुणी भट्टी पेटवत नाही, ती ओढ्याच्या काठी, कुंपणाच्या कडेला, झाडांच्या सावलीत किती सुखाने नांदतात!

त्या काळी श्रीमंतांच्या बागा कशा होत्या ते आधी समजून घेऊ. तेव्हा बाग म्हणजे जणू रांगोळी. काचघरात हजारो नाजूक रोपे वाढवायची. उन्हाळा आला की ती बाहेर आणून गोल, चौकोन, चांदणी अशा आकारांत दाटीने लावायची. लाल रेघ, पिवळी रेघ, निळी रेघ. थंडी पडली की सगळे उपटून टाकायचे. मग पाच-सहा महिने जमीन उघडी. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. कोळसा किती जळत असेल आणि मजूर किती राबत असतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

रॉबिन्सन म्हणाला, हे सारे कशाला? आपल्या हवेला सोसेल असे झाड लावा. एकदा लावले की वर्षानुवर्षे टिकेल असे लावा. दुसऱ्या थंड देशातली चिवट झाडे आणा आणि त्यांना रानात, गवतात, आपापल्या जागी सोडून द्या. आपल्या परसात कर्दळ आणि गुलबाक्षी असतात ना? दरवर्षी त्यांना कुणी आमंत्रण देत नाही. पाऊस पडला की त्या आपणहून वर येतात. तसलाच हा विचार.

त्याने तो नुसता बोलून दाखवला नाही, लिहून काढला. १८७० साली रानबागेवर त्याचे पुस्तक निघाले. १८७१ साली त्याने बागकामाचे एक साप्ताहिक काढले. १८८३ साली इंग्लंडातल्या फुलबागेवर त्याचे मोठे पुस्तक आले. त्याच्या हयातीतच त्या पुस्तकाच्या पंधरा आवृत्त्या खपल्या. या लिखाणाचा पैसा साठवून त्याने १८८४ साली ग्रेव्हटायचा वाडा विकत घेतला, भोवतीच्या जमिनीसकट. पुढे जमीन वाढवत वाढवत तो हजार एकरांवर गेला.

पाण्याच्या बादल्या वाहणारा पोरगा लेखणीच्या जोरावर वाड्याचा धनी झाला! आम्हांला या हकीगतीतली ही गोष्ट फार आवडते, म्हणून ती जरा सावकाश सांगितली.

आता धनी झाल्यावर त्याने केले काय? वाड्याच्या अगदी जवळ दगडी फरसबंदी आणि फुलांचे वाफे ठेवले. भिंतींवर वेली चढवल्या. वाड्यापासून जसजसे दूर जावे तसतशी बाग मोकळी होत जाते आणि शेवटी रानात मिसळते. बाग कुठे संपली आणि रान कुठे सुरू झाले, हे सांगता येऊ नये असा त्याचा बेत होता. तळ्याच्या काठी गवतात त्याने नरगिसाचे कांदे लावले. नरगिस हे पिवळ्या-पांढऱ्या फुलांचे, कांद्यापासून येणारे झाड. एकट्या १८९७ साली एका तळ्याच्या काठी असे एक लाख कांदे लावले गेले.

या गवताची एक खुबी आहे. फुले सरली की माणसाला वाटते, चला, आता गवत कापू आणि जागा साफ करू. तसे केले तर पुढच्या वर्षी फुले कमी येतात. कांदा पिकवणाऱ्या शेतकऱ्याला याचे कारण सांगायला नको. पात हिरवी आहे तोवर ती जमिनीतल्या कांद्याला पोसत असते. पात वाळली, मान पडली, की कांदा भरला. नरगिसाचेही तेच. म्हणून अशा कुरणातले गवत पाने पिवळी होईपर्यंत कापत नाहीत. पाहुण्याला ते अजागळ दिसते. पण माळ्याने पाहुण्याच्या डोळ्यांकडे न पाहता कांद्याच्या पोटाकडे पाहायचे असते.

वाड्याच्या वरच्या अंगाला, उतारावर, भाजीपाल्याची आणि फळांची वेगळी बाग आहे. सुमारे एकरभर जागा, आणि तिच्याभोवती उंच दगडी भिंत. इंग्लंडात अशा भिंतीच्या बागा पुष्कळ आहेत, पण त्या बहुधा चौकोनी असतात. ही मात्र अंड्यासारखी लांबट गोल आहे. तिला कोपराच नाही. दगडी भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री ती ऊब हळूहळू सोडते. चुलीजवळची भिंत रात्री उशिरापर्यंत कोमट लागते ना, तसेच. या उबेवर पीचसारखी, थंडीला भिणारी फळझाडे भिंतीला टेकवून वाढवतात.

रॉबिन्सनला आणखी एक सवय होती, आणि तिचा उपयोग पुढे किती झाला ते आपण पाहूच. तो केलेल्या कामाची नोंद ठेवी. कोणत्या साली कोणते झाड कुठे लावले, कोणते जगले, कोणते मेले, कोणती जागा मोकळी केली. या नोंदींवरून त्याने १९११ साली एक पुस्तक छापले. जुन्या वाड्याभोवती वीस वर्षे केलेल्या कामाचा तो हिशेबच आहे. त्यात फसलेले बेतसुद्धा आहेत.

त्याच सुमारास तो पडला. पाठीला इजा झाली आणि पाय गेले. पुढची पंचवीस-एक वर्षे तो चाकांच्या खुर्चीत होता. रानात खुर्ची चालेना, तेव्हा रणगाड्यासारखा पट्टा असलेली मोटार घेऊन तो झाडे पाहायला जाई. १९३५ साली, ९६ वर्षांचा होऊन तो वारला. लग्न केलेले नव्हते. वाडा आणि रान त्याने देशाला देऊन टाकले. रान सरकारी जंगलखात्याकडे गेले.

आता बागेचा वनवास सुरू होतो.

१९३९ साली दुसरे महायुद्ध पेटले. वाड्यात कॅनडाचे सैनिक उतरले. लढाईच्या दिवसांत फुलझाडांना कोण पाहणार? आणि अशी बाग लवकर बिघडते. साध्या वाफ्यांच्या बागेत तण आले तर ते ओळखू तरी येते. इथे तर झाडे मोकळी सोडलेली. त्यांत लावलेले कोणते आणि आगंतुक कोणते, हे जाणता माळीच सांगू शकतो. माळी गेला की दांडगे झाड दुबळ्याला खाते. मोकळी बाग म्हणजे बिनकामाची बाग, असे कुणाला वाटत असेल तर ती चूक आहे. तिथे काम कमी नसते. ते दिसत नाही, एवढेच.

१९५८ साली पीटर हर्बर्ट नावाच्या गृहस्थांनी वाडा भाड्याने घेऊन तिथे हॉटेल सुरू केले. हॉटेलवाल्याने खोल्या रंगवाव्यात, गाद्या घालाव्यात, स्वयंपाकी ठेवावा आणि गल्ल्यावर बसावे. पण या माणसाने बागही हाती घेतली. लोक इतक्या लांब आडरानात येतील ते कशासाठी, हे त्यांनी ओळखले होते. त्यांनी रान हटवले, वाफे पुन्हा धरले आणि रॉबिन्सनची बाग लोकांना पुन्हा दिसू लागली. चाळीसहून जास्त वर्षे त्यांनी हे चालवले. बागेने पाहुणे आणले आणि पाहुण्यांच्या पैशाने बाग राखली. आपल्या पहिल्या प्रश्नाचे आणि दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर इथे मिळते. पण ते अर्धेच उत्तर आहे. कारण असे की, दोन बैल एका जुवाला जोडले की एक बसला तर दुसराही अडतो.

तसेच झाले. हर्बर्ट निवृत्त झाले, वाडा दुसऱ्या हातात गेला आणि २०१० च्या सुमारास हॉटेलचा धंदा डबघाईला आला. हात आखडला की पहिली कुऱ्हाड बागेवर पडते. स्वयंपाकी नसेल तर त्याच दिवशी बोंब होते. माळी नसेल तर ते महिन्याभराने कळते, आणि तोवर तणाने बी टाकलेले असते. दोन-तीन हंगामांतच ग्रेव्हटायच्या वाफ्यांत वेली आणि तण माजले. त्यांतला सर्वांत वाईट पाहुणा होता जपानी नॉटवीड.

नॉट म्हणजे गाठ आणि वीड म्हणजे तण. बांबूसारखी पेरांची, आतून पोकळ अशी याची कांडी असते. हिवाळ्यात ती वाळून जाते, वसंतात जमिनीतून पुन्हा उसळते आणि माणसाहून उंच होते. याचा जोर जमिनीखाली असतो. हळदीचे किंवा आल्याचे गड्डे असतात ना, तसे याचे खोड जमिनीतून लांबवर धावते. त्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा मातीत राहिला तरी त्यातून नवे झाड येते. कुदळीने खणले की एकाचे दहा झाले! फरशीच्या फटीतूनही ते डोके वर काढते. ब्रिटनमध्ये पसरलेली ही सारी झाडे मुळात एकाच मादी झाडाची कलमे आहेत, असे शास्त्रज्ञांना आढळले आहे. म्हणजे बियांवाचून, नुसत्या तुकड्यांवर त्याने मुलूख जिंकला.

हे तण तिथे आले कसे? चोरपावलांनी नाही. वाजतगाजत आले! जपानातून ते एकोणिसाव्या शतकात हॉलंडात आणले गेले. १८४७ साली तिथे त्याला सोन्याचे पदक मिळाले. १८५० साली ते लंडनजवळच्या क्यू इथल्या प्रसिद्ध बागेत पोचले. लोकांनी ते हौसेने लावले. आणि त्याची शिफारस करणाऱ्यांत आपले रॉबिन्सनसाहेबही होते, बरं का! रानबागेवरच्या पुस्तकात त्यांनी त्याला चांगले म्हटले. पुढे अनुभव आला तेव्हा त्यांचा सूर बदलला आणि हे झाड एकदा शिरले की निघता निघत नाही, असा इशारा त्यांनी दिला. इतक्या जाणत्या माळ्याचीही चूक झाली. पण ती त्याने झाकली नाही, हे लक्षात ठेवायला हवे.

आपल्याकडची घाणेरी अशीच आली आहे. तिची लाल-पिवळी फुले पाहून साहेबलोकांनी ती बागेच्या कुंपणासाठी आणली. आज ती डोंगरच्या डोंगर व्यापून बसली आहे. जलपर्णीचीही तीच कथा. जांभळे फूल देखणे, आणि तळे गिळून बसते.

ब्रिटनमध्ये १९८१ साली कायदा झाला. नॉटवीड रानात लावणे किंवा पसरू देणे हा गुन्हा ठरला. त्याची माती उचलून कुठेही टाकता येत नाही. ते मारायचे तर उन्हाळ्याच्या अखेरीस औषध देतात. त्या वेळी झाडाचा रस खाली, मुळाकडे उतरत असतो. रसाबरोबर औषधही उतरते. कधी कधी पोकळ कांडीत सुईने औषध भरतात, म्हणजे शेजारच्या फुलझाडाला लागत नाही. एका वर्षात काम होत नाही. तीन-चार वर्षे पाळत ठेवावी लागते. मेले असे वाटते आणि पुढच्या वसंतात लाल कोंब पुन्हा हजर.

२०१० साली नव्या मालकांनी वाडा घेतला आणि टॉम कावर्ड यांना मुख्य माळी नेमले. याआधी ते ग्रेट डिक्स्टर या ससेक्समधल्याच दुसऱ्या नामांकित बागेत काम करीत होते. नव्या माळ्याकडून लोकांची अपेक्षा काय असते? लगेच फुले दिसावीत. पण सुरुवातीची वर्षे मुख्यतः तणाशी झुंजण्यात गेली. तणाच्या वाफ्यात नवे रोप लावणे म्हणजे चोराच्या घरात ठेव ठेवणे. अशा वेळी माळी काय करतात? चांगली झाडे मुळासकट काढायची. मुळे धुऊन त्यांत गुंतलेले तणाचे धागे वेचायचे. ती झाडे बाजूला कुंड्यांत ठेवायची. मग वाफा मोकळा ठेवून तण उगवू द्यायचे, मारायचे, पुन्हा उगवू द्यायचे, पुन्हा मारायचे. जमीन साफ झाली याची खात्री पटली की मग झाडे परत आणायची. पाहुणे येऊन विचारतात, "हा वाफा रिकामा का?" माळ्याला लाज वाटते. पण घाई केली तर दोन वर्षांनी दुप्पट काम पडते.

आता आपला तिसरा प्रश्न. बाग पूर्वीसारखी करायची, ती कोणत्या सालासारखी?

रॉबिन्सनच्या नोंदी हाताशी आहेत. १९११ चे पुस्तक उघडावे आणि त्यातले झाड न झाड त्याच जागी लावावे, असे कुणी म्हणेल. पण त्याने लावलेली रोपे आता शंभर वर्षांची झाडे झाली आहेत. जिथे ऊन होते तिथे सावली आहे. उन्हातले फूल सावलीत कसे जगेल? आणखी एक अडचण याहून मोठी आहे. रॉबिन्सन स्वतः दरवर्षी बाग बदलत असे. नवे झाड आले की लावून पाही, फसले की काढी. ठरीव नक्षीची बाग त्याला आवडत नसे. मग त्याचीच बाग एखाद्या सालाला खिळा मारून तशीच ठेवली, तर ती दिसेल त्याच्यासारखी, पण तिचा स्वभाव त्याच्या उलटा असेल.

कावर्ड यांनी म्हणून बागेचा सांगाडा जपला. भिंती, पायऱ्या, वाटा, तळ्याकाठचे कुरण, मोठी झाडे, बागेने रानात विरत जाण्याची रीत, हे सगळे जुने राखले. वाफ्यांतली फुले मात्र ते बदलतात आणि नवे प्रयोग करतात. काहींना हे पटत नाही. जुने ते जुन्यासारखेच ठेवावे, असे त्यांचे म्हणणे. देवळाच्या दगडाला ते लागू आहे, हे आम्हांलाही मान्य. पण दगड वाढत नाही, झाड वाढते. म्हणून आमचे मत माळ्याच्या बाजूने आहे. जुन्या नोंदी अशा वेळी उपयोगी पडतात त्या नक्कल करायला नव्हे. पूर्वीच्या माणसाने ही वाट इथूनच का काढली, अमुक झाड तिथे का जगले नाही, हे त्यांवरून कळते, आणि तीच ठोकर पुन्हा खावी लागत नाही.

भिंतीची गोल बागही पुन्हा पिकू लागली. तिथली भाजी आणि फळे थेट हॉटेलच्या स्वयंपाकघरात जातात. स्वयंपाकी आज काय रांधणार, हे बाजार ठरवत नाही, पुष्कळदा वाफा ठरवतो. २०१८ साली वाड्याला नवे जेवणघर जोडले. त्याची बागेकडची बाजू काचेची आहे. पाहुणा ताटावर बसला की समोर फुलबाग दिसते. एके काळी पोरगा रॉबिन्सन काचेच्या घरातल्या झाडांना पाणी घालीत होता. आता त्याच्या बागेत माणसे काचेच्या आत बसतात आणि झाडे बाहेर, मोकळ्या हवेत असतात. हे त्याला पाहायला मिळाले असते तर तो मिशीत हसला असता.

ही बाग तिकीट काढून कुणालाही पाहता येईल अशी नाही. जो तिथे उतरतो किंवा जेवतो, त्याच्यासाठी ती आहे. खर्च फार, म्हणून हॉटेल महाग आहे. गरिबाला ते परवडणार नाही, हे खरे. रॉबिन्सनने वाडा देशाला दिला होता, हे आठवले की आम्हांला यात थोडे खटकते. पण दोनदा ओस पडलेल्या या बागेला दोन्ही वेळा हॉटेलच्याच मिळकतीने वर काढले, हेही आम्हांला नाकारता येत नाही.

आपल्याकडेही आता शेतावर पाहुणे उतरवण्याचा जोडधंदा पुष्कळ ठिकाणी चालतो. शहरातली कुटुंबे येतात, हुरडा खातात, झाडाखाली बसतात. असा धंदा करू पाहणाऱ्याने आधी खोल्या बांधाव्या की आधी झाडे लावावी? यावर वर्गात बोला. दोन्ही बाजूंनी बोला. मग घरी जाऊन गावातल्या वडीलधाऱ्या माणसाला विचारा, की शोभेसाठी म्हणून आणलेले कोणते झाड आता आपल्या बांधावर माजले आहे, ते कोणी आणले आणि साधारण कोणत्या साली. जे कळेल ते पाच ओळींत लिहून आणा.